शिमग्याचे चित्रीकरण, गावचे ग्रंथालय आणि ब्राउझरमधून थेट फाइल पाठवणे : एक प्रकरण अभ्यास

गुहागर तालुक्यातील आमच्या गावात होम झाला की ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून, म्हणजे ती ठेवण्याच्या चौथऱ्यावरून, उठते आणि वाडीवाडीतून, घराघरांतून फिरते. मुंबई, ठाणे, पुणे येथून आलेले चाकरमानी या दिवसांत गावात असतात. पालखी नाचवणे, जमिनीत पुरलेला नारळ शोधून शेरणे काढणे, नमन-खेळे, मानकऱ्यांनी देवापुढे घातलेले गाऱ्हाणे (गावासाठीचे मागणे) हे सारे आता जवळपास प्रत्येकाच्या फोनमध्ये चित्रित होते. गेल्या शिमग्याआधी गावच्या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाने असे ठरवले की, लोक परतीच्या गाड्या धरण्यापूर्वीच हे चित्रीकरण त्यांच्या फोनमधून मूळ स्वरूपात जमा करून घ्यावे आणि गावचा कायमचा संग्रह म्हणून ग्रंथालयात जतन करावे. त्याची तांत्रिक व्यवस्था माझ्याकडे होती. ती करताना ज्या अडचणी आल्या आणि त्यांची जी कारणे सापडली, त्यांची ही नोंद आहे.

‘मूळ स्वरूपात’ हा आग्रह कशासाठी, हे आधी सांगितले पाहिजे. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर दर वर्षी शिमग्याच्या चित्रफितींचा पाऊस पडतो, आणि मंडळातील काहींचे म्हणणे होते की त्याच उतरवून घ्याव्यात. मात्र व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ आकाराने लहान केला जातो. ढोलाच्या गजरात गुरवकाकांच्या तोंडचे गाऱ्हाणे आधीच अर्धे बुडालेले असते. आवाज आणि चित्र दाबले गेल्यावर उरलेले शब्दही लागत नाहीत. आमच्या गावचे गाऱ्हाणे कोठे लिहिलेले नाही, ते आहे तेवढे पाठांतरात आहे. म्हणून आवाजाचा प्रश्न आम्हाला चित्रापेक्षाही मोठा वाटत होता. शिवाय चित्रीकरण कोणत्या दिवशी, किती वाजता झाले ही फाइलच्या पोटात असलेली नोंद अशा पाठवणुकीत टिकून राहत नाही. पालखी कोणत्या वाडीत कोणत्या रात्री होती हे पुढे दहा वर्षांनी ठरवायचे असेल, तर ती नोंद हवीच.

व्हॉट्सॲपवर तीच फाइल ‘दस्तऐवज’ म्हणून पाठवली तर ती जशीच्या तशी जाते, आणि २०२२ पासून अशा फाइलची मर्यादा २ जीबी आहे. येथे अडचण वेगळी आहे. ॲपलच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे आयफोनवर फोर-के दर्जाचे, सेकंदाला ३० चौकटींचे चित्रीकरण मिनिटाला सुमारे १७० एमबी जागा घेते. म्हणजे शेरणे काढतानाची दहा मिनिटांची एक चित्रफीत १.७ जीबीची झाली. सेकंदाला १० मेगाबिट या वेगाने ती वर चढवायची म्हटली तर पूर्ण वेग मिळूनही तेवीस मिनिटे लागतात, आणि नंतर तीच फाइल ग्रंथालयाच्या लॅपटॉपवर पुन्हा खाली उतरवावी लागते. दोन हातांच्या अंतरावर असलेल्या दोन यंत्रांसाठी फाइल गावाबाहेर, कदाचित देशाबाहेरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येणार, आणि तेही संध्याकाळी, जेव्हा सगळी वाडी त्याच जाळ्यावर असते.

पेनड्राइव्हचा विचार झाला होता. तो सरसकट बाद करण्यासारखा नाही, आणि शेवटी एका कामासाठी आम्ही त्याचाच आधार घेतला. पण बाजारात मिळणारे बरेच पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने मांडलेले असतात आणि त्यांवर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, तसेच प्रत्येक फोनचे तोंड निराळे असल्याने जोडणीचे तुकडे गोळा करावे लागतात. पूर्वी गावातली मुले शेअरइट आणि झेंडर सर्रास वापरत असत. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये ही दोन्ही होती. एअरड्रॉप मुख्यतः ॲपलच्या उपकरणांसाठी, क्विक शेअर प्रामुख्याने अँड्रॉइडसाठी, आणि ग्रंथालयाचा लॅपटॉप लिनक्सवर चालणारा. सर्वांकडे नक्की असलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे ब्राउझर.

ब्राउझरमधून शेजारच्या उपकरणाला थेट फाइल देण्याची सोय वेबआरटीसी या तंत्रामुळे शक्य होते. हे तंत्र मुळात ब्राउझरमधून बोलणे आणि एकमेकांना पाहणे यासाठी पुढे आले, २०२१ च्या जानेवारीत डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने त्याला अधिकृत मानकाचा दर्जा दिला, आणि त्यातच कोणतीही माहिती वाहून नेणारी एक स्वतंत्र वाहिनी आहे. स्नॅपड्रॉप हे संकेतस्थळ याच वाहिनीवर उभे राहिले आणि त्याच्या मुक्त स्रोत, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येणाऱ्या, कोडवरून पुढे पेअरड्रॉप तयार झाले. आम्ही पेअरड्रॉप निवडले. दोघांनी एकच पान उघडायचे, पडद्यावर एकमेकांची नावे दिसली की त्यावर बोट ठेवायचे, फाइल निवडायची, समोरच्याने स्वीकारायची. काही बसवायचे नाही, खाते काढायचे नाही, आपला नंबर कोणाला द्यायचा नाही. वयस्क मंडळींना समजावून सांगण्याच्या दृष्टीने याहून सोपे काही मला दिसले नाही.

या प्रकरणाचे मर्म जिथे आहे तो भाग मात्र पडद्यावर दिसत नाही. दोन ब्राउझरांना एकमेकांचा पत्ता आपणहून कळू शकत नाही. म्हणून प्रत्येक जण आधी इंटरनेटवरच्या एका सर्व्हरशी जोडला जातो, तो सर्व्हर दोघांना एकमेकांचे निरोप पोहोचवतो, आणि त्या निरोपांतून दोघे आपापले संभाव्य पत्ते कळवतात: घरातल्या जाळ्यातला आतला पत्ता, स्टन नावाच्या सर्व्हरला विचारून समजलेला बाहेरचा पत्ता, आणि दोन्ही निरुपयोगी ठरले तर टर्न या मध्यस्थ सर्व्हरचा पत्ता. ब्राउझर हे पत्ते जोड्याजोड्यांनी तपासतो आणि जी वाट खुली मिळते ती धरतो. लग्न जुळवणारा मध्यस्थ पत्ते देतो, पुढे संसार त्या दोघांचा असतो, तसेच हे आहे. ओळख कोणी करून दिली आणि फाइल प्रत्यक्षात कोणत्या वाटेने गेली हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि आमच्याकडे आलेली जवळपास प्रत्येक अडचण ते दोन्ही एकच समजल्यामुळे गूढ वाटत होती.

पहिली अडचण अशी की ग्रंथालयात बसलेल्या काहींना लॅपटॉपचे नाव दिसतच नव्हते. पेअरड्रॉपचा सर्व्हर ‘शेजारी’ ओळखतो तो बाहेरच्या, म्हणजे इंटरनेटवर दिसणाऱ्या, आयपी पत्त्यावरून. ज्यांचा बाहेरचा पत्ता एक, ते एका जागी आहेत असे तो धरतो. फोन मोबाइल डेटावर असेल तर त्याचा बाहेरचा पत्ता मोबाइल कंपनीचा असतो, आणि मग तो लॅपटॉपला टेकवून ठेवला तरी सर्व्हरच्या लेखी दूरच असतो. याची दुसरी बाजू अधिक काळजीची आहे. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा) पत्ता देतात, त्यामुळे मोबाइल डेटावर हे पान उघडले तर कधीही न भेटलेल्या माणसाचे उपकरण शेजारी म्हणून दिसू शकते. समोरच्याने स्वीकारल्याशिवाय फाइल जात नाही हे खरे. तरीही आलेली फाइल कोणाची हे न पाहता ‘स्वीकारा’ दाबू नये, हे आम्ही प्रत्येकाला सांगत होतो.

वायफायवर आलेल्यांपैकीही काही फोन दिसेनात, त्याचे कारण आयपीव्ही६ ही पत्ते देण्याची नवी पद्धत. जुन्या पद्धतीत सगळे घर एका बाहेरच्या पत्त्यामागे असते. नव्या पद्धतीत प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो. एक फोन सर्व्हरकडे आयपीव्ही६ ने गेला आणि लॅपटॉप आयपीव्ही४ ने, तर दोघांचा पत्ता जुळण्याचा प्रश्नच उरत नाही. यावर पेअरड्रॉपमध्येच उपाय आहे: सहा अंकी आकडा टाकून दोन उपकरणे कायमची जोडता येतात, मग पत्ता काहीही असो. ग्रंथपालकाकूंनी तो आकडा मोठ्याने वाचायचा आणि समोरच्याने टाकायचा, अशी पद्धत बसली.

खरी कसोटी लागली ती पुढच्या अडचणीत. नावे दिसत होती, फोटो जात होते, पण मोठी चित्रफीत पाठवली की टक्केवारी जागची हलत नव्हती. फोन जुना आहे, राउटर लांब आहे, भिंती जांभ्याच्या आहेत, असे तर्क चालू होते. क्रोममध्ये वेबआरटीसी-इंटर्नल्स नावाचे एक आतले पान असते. ते लॅपटॉपवर उघडून मी चालू जोडणीसाठी निवडलेली पत्त्यांची जोडी पाहिली. तेथे आतल्या पत्त्यासाठी असलेला ‘होस्ट’ हा शब्द हवा होता. त्याऐवजी ‘रिले’ लिहिलेले होते. म्हणजे समोरासमोरच्या खुर्च्यांवरून चाललेली फाइल टर्न सर्व्हरमार्गे बाहेर जाऊन परत येत होती. आम्ही जे टाळण्यासाठी ही पद्धत निवडली होती तेच घडत होते, आणि पडद्यावर त्याची कोणतीही खूण नव्हती.

कारण राउटरमध्ये होते. ग्रंथालयाने वाचकांसाठी पाहुण्यांचे वेगळे वायफाय ठेवले आहे, आणि अशा वायफायवरची उपकरणे एकमेकांशी थेट बोलू शकणार नाहीत अशी भिंत राउटर मुद्दाम उभी करतो. एरवी ती योग्यच आहे. अनोळखी माणसाच्या फोनला ग्रंथालयाच्या संगणकापर्यंत पोहोचता येऊ नये. मात्र पाहुण्यांचे आणि आतले अशी दोन्ही वायफाय एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असल्याने सर्व्हरला सगळे शेजारी दिसत होते. ओळख होत होती, वाट मिळत नव्हती. आम्ही जमा करण्याच्या वेळेपुरते तिसऱ्या नावाचे वायफाय सुरू केले, त्यावरचा अलगपणा, म्हणजे ती भिंत, काढला, आणि लॅपटॉप वायफायवर न ठेवता तारेने राउटरला जोडला. दोन्ही उपकरणे वायफायवर असली की प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून. लॅपटॉप तारेवर गेला की एक फेरी वाचते. सेकंदाला ५ एमबी एवढा माफक वेग धरला तरी १.७ जीबीची चित्रफीत सहा मिनिटांच्या आत येते, आणि आमचा अनुभव या हिशेबाच्या आसपासचाच राहिला.

येथे एक पुस्ती जोडतो. ब्राउझर आपला आतला पत्ता आता उघडपणे सांगत नाहीत. कोणत्याही संकेतस्थळाला घरातल्या जाळ्याची रचना कळू नये म्हणून त्या जागी एक तात्पुरते, यादृच्छिक नाव देतात, आणि त्या नावाचा पत्ता जाळ्यातच सर्वांना उद्देशून विचारला जातो. काही राउटर असा सर्वांना उद्देशून केलेला पुकारा (मल्टिकास्ट) अडवतात, आणि मग अलगपणा काढूनही वाट मिळत नाही. आमच्या राउटरने तो अडवला नाही. ज्यांना हीच अडचण येईल त्यांनी मल्टिकास्टची सेटिंग तपासावी.

ग्रंथपालकाकूंनी सुरुवातीलाच विचारले होते, “अरे, पण नेट गेलं तर हे चालेल का?” त्यांचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा होता, कारण रस्त्याच्या कडेला खोदकाम निघाले की आमच्याकडे फायबरची तार तुटते आणि जोडायला माणूस येईपर्यंत दिवस जातो. या पद्धतीला इंटरनेट लागत नाही असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. फाइलला लागत नाही, ओळखीला लागते. चालू जोडणी नेट गेल्यावरही टिकू शकते, पण नव्या फोनला पानच उघडत नाही.

म्हणून नेट असतानाच पेअरड्रॉपचा सर्व्हर ग्रंथालयाच्या लॅपटॉपवर बसवून ठेवला होता. तो मुक्त स्रोत आहे, नोडजेएस या मोफत प्रणालीवर चालतो, आणि एवढ्या कामासाठी जुना लॅपटॉपही त्याला पुरतो. ऐन गर्दीच्या संध्याकाळी तार खरोखरच तुटली, तेव्हा राउटर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर ठेवून आम्ही १९२.१६८ ने सुरू होणारा आतला पत्ता वापरायला सुरुवात केली. तो हाताने टाकायला लावण्यापेक्षा त्याचा क्यूआर कोड छापून पुस्तकांच्या कपाटाला चिकटवलेला होता. आता ओळख करून देणारा सर्व्हरही खोलीतच होता. सगळे आतल्या पत्त्यांवरून येत असल्याने सर्व जण एकाच गटात दिसत होते आणि सहा अंकी आकड्याचीही गरज उरली नाही. पत्त्यापुढे ‘सुरक्षित नाही’ अशी सूचना दिसे, कारण या स्थानिक पानाला संकेतस्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र नव्हते. मात्र वेबआरटीसीच्या वाहिनीतून जाणारी फाइल कूटबद्धच (वाटेत कोणाला वाचता येणार नाही अशी) असते, ते त्या मानकातच सक्तीचे आहे.

तरीही पहिले काही फोन येईनात, आणि याचे कारण फोनच्या शहाणपणात सापडले. वायफायला इंटरनेट नाही असे लक्षात आले की अँड्रॉइड फोन विचारतो, या नेटवर्कला इंटरनेट नाही, तरीही जोडलेले राहायचे का? बहुतेक जण सवयीने ‘नाही’ म्हणतात, किंवा प्रश्न न वाचताच बाजूला सारतात, आणि फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. वायफायची खूण कधी कधी वर तशीच दिसत राहते. यावर दारातच मोबाइल डेटा बंद करायला सांगणे हाच खात्रीचा मार्ग ठरला. राउटर नसलेल्या ठिकाणी, उदाहरणार्थ वरच्या वाडीतल्या एका अंगणात, एका फोनचा हॉटस्पॉट घेऊन हेच केले. तेथे हॉटस्पॉट देणारा फोन फक्त जाळे पुरवण्यासाठी ठेवला आणि त्याच्यावरून फाइल पाठवली नाही, कारण त्याचा स्वतःचा ब्राउझर मोबाइल डेटाच्या वाटेने बाहेर पडू पाहतो.

फाइल आली एवढ्यावर काम संपत नाही. आयफोनवर फोटोसंग्रहातून व्हिडिओ निवडला की ब्राउझरच्या हाती देण्यापूर्वी फोन त्याची ‘तयारी’ करतो, आणि त्यात व्हिडिओ दाबला जाऊ शकतो. म्हणजे मूळ हरवते ते पाठवण्याच्याही आधी. चित्रफीत प्रथम ‘फाइल्स’मध्ये जतन करून तेथून निवडली तर ती जशी आहे तशी येते. हे कळल्यावर आम्ही प्रत्येक मोठ्या फाइलचा आकार दोन्हीकडे ताडून पाहू लागलो. पाठवणाऱ्याच्या फोनवरचा आकार आणि लॅपटॉपवरचा आकार जुळल्याशिवाय वहीत बरोबरची खूण केली जात नसे. पाठवणे चालू असताना फोनवर दुसरे ॲप उघडले किंवा पडदा बंद झाला तर ब्राउझर थांबतो, आणि अर्धवट राहिलेली फाइल जेथे थांबली तेथून पुढे सुरू होत नाही, पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागते. म्हणून मोठ्या फाइलचा फोन टेबलावर ठेवून त्याचा मालक शेजारी चहा घेत बसे, आणि त्या वेळात चित्रीकरण कोठले, कोणाच्या घरचे, त्यात दिसणाऱ्या घरच्यांची संमती आहे का, हे वहीत लिहून होई. काही घरांनी अंगणातली पालखी ठेवा, घरातली पूजा नको असे सांगितले, आणि त्या चित्रफिती घेतल्या नाहीत.

वेळेच्या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे लागले. ब्राउझरने उतरवलेल्या फाइलवर उतरवल्याची तारीख चढते, त्यामुळे फोल्डरमधला क्रम पाहून काही कळत नाही. खरी वेळ फाइलच्या पोटात असते. व्हिडिओंमध्ये ती बहुधा जागतिक प्रमाणवेळेत नोंदलेली असते, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. पालखी रात्री एक वाजता खालच्या वाडीत नाचली असेल, तर फाइल सांगते आदल्या दिवशी संध्याकाळचे साडेसात. शिमग्याच्या रात्री वाडीवाडीने मोजल्या जातात, तेव्हा हा फरक दुरुस्त न करता नावे दिली असती तर एका वाडीची रात्र दुसऱ्या वाडीच्या नावावर गेली असती. वहीतली नोंद आणि फाइलमधली वेळ असे दोन्ही ताडून नावे दिली आहेत.

उलट दिशेचे काम, म्हणजे संग्रहातील चित्रफिती गावकऱ्यांना परत देणे, ब्राउझरमधून करायचे आम्ही सोडून दिले. घेणाऱ्या ब्राउझरला आलेली फाइल पूर्ण होईपर्यंत स्वतःकडे साठवावी लागते. लॅपटॉपला ते जमते, पण फोनवर, त्यातही आयफोनवर, मोठ्या फाइलने पान मध्येच कोसळते. लहान चित्रफिती आणि फोटो तसेच दिले. मोठ्यांसाठी एक्सफॅट पद्धतीने मांडलेले पेनड्राइव्ह ठेवले आहेत, त्यांवर ४ जीबीची अडचण येत नाही. ते ग्रंथालयातून पुस्तकासारखे सही करून घरी नेता येतात.